रसायनाने भाजल्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अ‍ॅसिड अंगावर पडल्यास त्यावर खाण्याचा सोडा लावावा का?

नाही. दोघांच्या संयोगातून उष्णता निघते आणि जखम वाढते. कपडे काढा, निदान अर्धा तास वाहते पाणी सोडा आणि रुग्णालय गाठा. कोरडी पावडर असेल तर ती आधी झटका.

प्रश्न : त्वचारोपणासाठी भावाची कातडी चालेल का?

तात्पुरती, झाकण म्हणून. काही आठवड्यांत शरीर ती नाकारते. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा.

प्रश्न : तुंबलेला पाइप मोकळा करायच्या द्रवाने पाय भाजला. पंधरा दिवस मलम लावतोय, वर कडक खपली आहे, पण दुखत नाही. डॉक्टर त्वचारोपण सुचवतात. ओळखीचे म्हणतात, आपोआप भरेल. थांबू का?

थांबू नका. दुखत नाही म्हणून निश्चिंत होणारे रुग्ण पाहिले की जीव कासावीस होतो. जखम खोल गेली की वेदना पोहोचवणाऱ्या नसाच जळतात, म्हणून ती दुखत नाही. अशा द्रवांत बहुधा तीव्र अल्कली असते. आम्लाने वरचा थर गोठतो आणि बरेचदा तोच पुढची वाट अडवतो. अल्कली मात्र ऊती विरघळवत आत शिरत राहते. वरून जखम लहान दिसते, खाली नुकसान मोठे असते.

तीन आठवड्यांत न भरणारी जखम जाड, उंचावलेला व्रण ठेवते. ती सांध्यावर असेल तर कातडी आखडून सांधा वाकडा होतो. शिवाय मृत ऊतींवर रोपण धरतच नाही, त्या आधी कापून काढाव्या लागतात. मांडीवरून घेतलेला पातळ थर पहिले दोन दिवस जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो, मग खालच्या रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. दरम्यान जंतुसंसर्ग झाला किंवा थर सरकला, तर सगळे वाया जाते. वाट पाहण्यात जंतूंनाच सवड मिळते. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपली आपण भरते, तिची धास्ती नको. ओळखीच्यांनी तुमचा पाय उघडून पाहिलेला नाही, डॉक्टरांनी पाहिलाय. उद्याच प्लास्टिक सर्जनना दाखवा.

प्रश्न : रोपणानंतर सिगारेट ओढली तर?

नको. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रोपलेली कातडी मरू शकते.

प्रश्न : ‘डाग शंभर टक्के घालवणारे’ क्रीम घेऊ का?

पैसे वाचवा. रोपणाचा डाग पूर्ण जात नाही, आणि जाहिरात करणाऱ्यालाही ते ठाऊक असते. व्रण सपाट करायला मापाचे दाबाचे कपडे दिवसाचे जवळजवळ 23 तास, अनेक महिने घालावे लागतात, जोडीला मालिश आणि व्यायाम. सुरुवात कधी करायची, ते कातडी नीट धरल्यावर तुमचे सर्जन ठरवतील.