जुन्या लॅपटॉपमध्ये नवं बिऱ्हाड

प्रश्न : माझा लॅपटॉप 2014 चा, रॅम 4 जीबी. बटण दाबून चहा करायला जावं, तोवर कसाबसा सुरू होतो. विंडोज 10 चं आयुष्य संपलं आणि 11 यावर चढत नाही. नातू म्हणतो, ‘आजोबा, लिनक्स टाका.’ वय 68. आमच्या भजनी मंडळाची अकरा वर्षांची भजनं मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली आहेत. ती गेली तर मंडळात तोंड दाखवायची सोय नाही. या वयात हे शिकावं का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, जरूर शिका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, संगणक चालवणारी मूळ यंत्रणा. पण भजनं आधी, लिनक्स नंतर.

तुमच्या फाइली युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या दिसतात. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त चेहरा देवनागरी. फॉन्ट नसेल तिथे ‘विठ्ठल’ उघडलं की कंस आणि आकडे दिसतात. म्हणून विंडोज चालू आहे तोवरच प्रत्येक भजनाची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइलही पेन ड्राइव्हवर घ्या. ती लिनक्समध्ये बसवली की लिब्रेऑफिस या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये जुन्या फाइली बहुधा वाचता येतील.

2011 मध्ये मावसभावाच्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकत होते. बसवताना डिस्कबद्दल एक प्रश्न येतो. ‘पूर्ण डिस्क पुसा’ याला मी होकार दिला. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरी प्रत नव्हती. ती मुलगी आता कॉलेजात जाते आणि घरात तिच्या बारशाचा एकही फोटो नाही. तेव्हापासून मी कुणाची जुनी डिस्क पुसत नाही, सरळ काढून ठेवते.

तुम्हीही तेच करा. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये लॅपटॉप घेऊन जा, 256 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घ्या आणि जुनी हार्ड डिस्क दुकानात न सोडता परत मागून घ्या. तिच्यावर तारीख लिहा आणि ती कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या त्या रेंगाळण्याचं मोठं कारण ही फिरती डिस्कच असते. एसएसडीने जो फरक पडतो तो नुसती ऑपरेटिंग सिस्टिम बदलून पडत नाही. जागा रिकामी असेल तर 4 जीबीची आणखी एक रॅमपट्टी लावा.

पैसे खर्चण्याआधी मात्र लिनक्स भाड्याने राहून बघा. लिनक्सचे वाण पुष्कळ आहेत. तुम्ही लिनक्स मिंट घ्या, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मेन्यू खाली डावीकडेच आहे, हात चुकणार नाही. नातवाला 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस नावाच्या प्रोग्रॅमने मिंट भरून द्यायला सांगा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. तुम्ही ‘इन्स्टॉल’वर जात नाही तोवर डिस्कला काही होत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटरवर एक पान छापून निघतं का, एवढं तपासा. वेगावरून मत बनवू नका. पेन ड्राइव्ह हळूच चालतो.

बसवून झालं की पहिला दिवस डोळ्यांसाठी. सेटिंग्जमध्ये अपिअरन्स, त्यात फॉन्ट्स, तिथे डीपीआयचा (अक्षरं किती मोठी दिसावीत त्याचा) आकडा 96 असेल, तो 120 करा. दुसरा दिवस मराठीसाठी. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ के-वरच आहे, पाय मोडायला डी, आणि ‘ळ’साठी शिफ्ट धरून एन. ‘बिऱ्हाड’ मधला ‘ऱ्ह’ हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. एकदा बोटांत बसलं की भजनं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला घ्या, रोज एक. मग ती नातवाच्या फोनवरही वाचता येतील.

पुढे पॅनेल, रंग, चिन्हं हवं ते बदला, पण एका दिवशी एकच बदल, आणि तो वहीत लिहा. काही बिघडलं तर नेमकं कशामुळे ते कळेल. टाइमशिफ्ट हा मिंटमधला प्रोग्रॅमही सुरू करा, त्याने सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. मात्र टाइमशिफ्ट सहसा तुमच्या फाइली जपत नाही. भजनांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी हवीच.

प्रश्न : लिनक्ससाठी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) शिकावंच लागतं का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : मिंटमध्ये रोजच्या कामाला लागत नाही. शिकलात तर आनंदच आहे. फक्त कुठून तरी मिळालेली, ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ अर्थ कळल्याशिवाय चिकटवू नका. त्या एका शब्दाने तुम्ही तिला सगळ्या घराची किल्ली देता.