ईआरपी घ्यायच्या आधी एक चलन हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशिनिंगचं जॉबवर्क, म्हणजे माल दुसऱ्याचा आणि काम आपलं, माणसं अकरा. हिशेबाला टॅली, बिलं मोबाईलवरच्या ॲपमधून, हजेरीला वेगळं ॲप, स्टॉकची गूगल शीट, कामं वाटून द्यायला पुतण्याने बसवलेलं आणखी एक ॲप, माल पाठवणाऱ्या दोन फौंड्र्यांची (ओतकाम कारखान्यांची) आपापली व्हेंडर पोर्टलं, आणि या सगळ्यावर चार व्हॉट्सॲप ग्रुप. आता एक जण म्हणतोय, ईआरपी घ्या, म्हणजे अख्खा कारखाना सांभाळणारं एकच सॉफ्टवेअर, सगळं एका जागी येईल. घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि तुमच्याच उद्यमनगरातल्या कारखान्यांची हिशेबाची कामं मी बरीच वर्षं बघतोय. ॲप आठ असली तरी कारखाना चालतो. एकच आकडा चार जणांनी चार ठिकाणी टाइप करायला लागला की मात्र महिनाअखेरीला भांडणं सुरू होतात. ईआरपी आणलं आणि जुनं काहीच बंद केलं नाही, तर तोच आकडा पाचव्या ठिकाणी टाइप होईल, एवढाच फरक पडेल.

म्हणून आधी एक करा. गेल्या आठवड्यातलं कुठलंही एक आवक चलन (आलेल्या मालाबरोबरचा कागद) काढा आणि ते कुठे कुठे फिरलं ते कागदावर लिहा. समजा, शिरोलीतून ४०० नग आले. गेटवर वहीत नोंद झाली. सुपरवायझरनं चलनाचा फोटो ग्रुपवर टाकला. ऑफिसमधल्या मॅडमनी शीटमध्ये ४०० लिहिले. मशिनवरून ३८८ नग बरोबर निघाले, ९ नगांत ब्लो होल (ओतताना राहिलेली हवेची भोकं) सापडले आणि ३ आपल्या माणसाच्या हातून गेले. म्हणजे सीआर (कास्टिंग रिजेक्शन) ९ आणि एमआर (मशिनिंग रिजेक्शन) ३. आता तुमच्या शीटमध्ये ही फोड आहे का? पैजेवर सांगतो, तिथे ‘रिजेक्शन १२’ असं लिहिलेलं असणार.

सगळा पैसा इथेच अडकतो. सीआर हा फौंड्रीचा दोष, नग परत जातात. त्यावर झालेल्या मशिनिंगचे पैसे मिळायचे की नाही ते तुमच्या ठरलेल्या बोलीवर. एमआर मात्र आपल्या अंगावर, आणि तिथे नुसती मजुरी जात नाही, कास्टिंगची किंमत डेबिट होते. एका नगाच्या मशिनिंगची मजुरी आणि त्याच कास्टिंगची किंमत शेजारी शेजारी मांडून बघा, म्हणजे एक बिघडलेला नग किती चांगल्या नगांची कमाई खातो ते कळेल. दोन महिन्यांनी १२ नगांची डेबिट नोट आली की ९ आणि ३ सिद्ध कशानं करणार? ग्रुपवर वर सरकत जाऊन फोटो शोधणार?

यावर कुठलंही ॲप लागत नाही. प्रत्येक मशिनला एक वही बांधा. शिफ्ट संपताना ऑपरेटरनं तीन आकडे लिहायचे: चांगले, सीआर, एमआर. सीआरचे नग परत पाठवताना त्या चलनावर फौंड्रीच्या क्वालिटीवाल्याची सही घ्या. वहीतला आकडा दिवसातून एकदा, एकाच व्यक्तीनं, एकाच ठिकाणी चढवायचा. तेलकट हातांनी मोबाईल उघडून फॉर्म भरायला लावणारी ॲपं मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिला आठवडा हौसेनं भरतात, मग शनिवारी संध्याकाळी सगळ्या आठवड्याचे आकडे अंदाजानं टाकतात. त्यापेक्षा वही खरं बोलते.

चढवायचं कुठे? तुमच्या टॅलीतच. जॉबवर्कसाठी मटेरियल इन आणि मटेरियल आउट ही व्हाउचरं टॅलीत आहेत, एफ ११ मध्ये जाऊन ती चालू करावी लागतात. बहुतेकांनी ती कधी उघडलेलीच नसतात, आणि मग त्याच सोयीसाठी दुसरं सॉफ्टवेअर विकत घेतात. चलन नंबरप्रमाणे शिल्लक दिसली पाहिजे, कारण जीएसटीत जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत गेला नाही तर पाठवणाऱ्यानं तो विकला असं धरतात. त्यामुळे फौंड्रीवाले आयटीसी-०४ (जॉबवर्कला दिलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरताना तुमच्याकडे शिल्लक मागणारच. ती एका बटनावर निघाली पाहिजे. एवढं जमलं की गूगल शीट बंद.

बिलांचं ॲप पण बंद करा, पण घाईनं नको. नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येता कामा नये आणि तो १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे. मोबाईलमधून एक आणि टॅलीतून एक असे दोन ‘१०१’ निघाले की जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरताना गोंधळ ठरलेला. १ एप्रिलला बदल करणं सगळ्यांत सोपं. मध्येच करायचा असेल तर टॅलीत नवी सिरीज काढा, जुन्या नंबरांना हात लावू नका. ॲपचे पैसे थांबवायच्या आधी सगळी बिलं पीडीएफमध्ये आणि विक्रीचं रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवून घ्या. मग ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तिची महिन्याची बेरीज भरलेल्या रिटर्नशी ताडून बघा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात, आणि पैसे थांबले की ॲपवाला दार उघडं ठेवेलच असं नाही.

ई-वे बिलाचं (गाडीतल्या मालाच्या ऑनलाइन परवान्याचं) तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण तुमच्याकडे गाडी गेटवर थांबते ती यानंच. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. तो तुमच्या मोबाईलवर येणार, तुम्ही बँकेत बसलेले, ड्रायव्हर विडी ओढत उभा. पोर्टलवर सब-युजर काढता येतो, त्याला त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर देता येतो. मॅडमना तो काढून द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा एक लाखाची आहे म्हणून बरेच जण निवांत असतात, पण बेळगावच्या फौंड्रीचं काम घेतलंत तर राज्य बदललं. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागतं.

व्हेंडर पोर्टलांतून सुटका नाही. ती गिऱ्हाइकाची आहेत, त्यांच्या नियमानं भरायची. फक्त तिथले आकडे पुन्हा आपल्याकडे उतरवत बसू नका. आठवड्यातून एकदा त्यांचा जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) आणि आपलं जावक चलन समोरासमोर ठेवायचं, आणि फरक असेल तर त्याच दिवशी फोन करायचा.

व्हॉट्सॲप बंद करा असं मी सांगणार नाही, कोल्हापुरात धंदा व्हॉट्सॲपवरच चालतो. एकच बंधन घाला: ग्रुपवर आलेल्या ड्रॉइंगवरून थेट काम सुरू करायचं नाही. आलेलं ड्रॉइंग पार्ट नंबर आणि रिव्हिजन नंबर लिहून कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये जाईल, तिथून प्रिंट निघेल, जुनी प्रिंट मशिनवरून काढून फाडली जाईल. फोटोवरून काम झालं आणि रिव्हिजन मागची निघाली, तर अख्खा लॉट एमआर.

पुतण्याचं कामवाटपाचं ॲप काढून टाका. एका शेडमध्ये अकरा माणसं, हाक मारली तरी ऐकू जाते. भिंतीवर पांढरा फळा लावा. पुतण्याला वाईट वाटेल, त्याला टॅलीचं काम द्या, पोरगं हुशार दिसतंय.

पैशाचं एक बघा. बँक स्टेटमेंट आणि कार्डचं स्टेटमेंट वर्षभराचं काढून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर खूण करा. रक्कम कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना ज्याच्या नंबरवर जाते तो वाचतो का? बऱ्याचदा ॲप घरच्या कुणाच्या तरी कार्डावर घेतलेलं असतं, बिलावर कारखान्याचा जीएसटी नंबर नसतो, आणि १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट दरवर्षी वाया जातं.

ईआरपीची वेळ पण येईल. दुसरी शेड झाली, किंवा गिऱ्हाइकानं हीट नंबरवार (भट्टीच्या एकेका ओतीचा) हिशेब मागितला, कुठल्या हीटचं कास्टिंग कुठल्या लॉटमध्ये गेलं असं, तर वही आणि टॅली पुरणार नाही. तेव्हा विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. अर्धवट डिस्पॅच आणि सीआर-एमआर वेगळं कसं दाखवता? आणि उद्या सोडलं तर माझा डेटा कुठल्या फाइलमध्ये परत मिळेल? दुसऱ्या प्रश्नाला विषय बदलला तर चहा पाजून निरोप द्या.

राहिलं हजेरीचं ॲप. ते ठेवा. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतं, तुम्ही अकरा आहात, आणि २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची असते. हजेरी, ओव्हरटाइम आणि भरलेली वर्गणी यांचा मेळ त्या ॲपमधून निघत असेल तर त्याला हात लावू नका. फक्त पगाराची नोंद टॅलीत महिन्यातून एकदाच, एका एंट्रीनं करा.