वर्गाच्या ग्रुपवर नोट्स टाकून अंगठेच येत असतील तर

मॅडम, वाशीच्या कॉलेजात तुमचं पहिलंच वर्ष, एफवाय बीएस्सीला वनस्पतिशास्त्र. विभागप्रमुखांनी ‘सोशल मीडिया वापरा’ सांगितलं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलात, रोज पीडीएफ टाकता आणि उत्तरादाखल नुसते अंगठे येतात, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्यात बरीच वर्षं हाच विषय शिकवतोय. 2020 च्या टाळेबंदीत मीही ढिगाने पीडीएफ टाकले, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं विचारायची, “सर, युनिट दोन कुठे आहे?” तेव्हापासून मी फोनवर पाठवतो कमी, मागवतो जास्त.

खाडी तुमच्या दारात आहे. ठाणे खाडी 2022 पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे आणि आपली निम्मी मुलं रोज तिच्या काठाने लोकलने येतात. मी त्यांना सांगतो, ओहोटीला तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, बुंध्याशी चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बघा, फोटो काढा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन साइटवर तारीख आणि ठिकाणासह टाका. तिथे अनोळखी जाणकार नाव तपासतात. प्रजातीवर किमान दोघांचं एकमत झालं तरच नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, होते. एका मुलीने काटेरी कडांच्या पानाचा फोटो ‘तिवर’ म्हणून टाकला. कुणीतरी खाली लिहिलं, ही मारांडी, म्हणजे खारफुटीतलंच एक काटेरी झुडूप. ती मला न विचारता दुसऱ्या दिवशी परत गेली आणि जांभळ्या फुलाचा फोटो घेऊन आली. मग तिवराचं पान शेजारी ठेवून तिनेच वर्गाला दाखवलं: याची कड सरळ, खालची बाजू फिकट राखाडी. माझ्या तीन लेक्चरांनी हे झालं नसतं.

दुसरं, व्हॉइस नोट. ‘तिवराच्या पानावर मीठ का दिसतं, दीड मिनिटात सांगा, मराठीत चालेल.’ एकाने घणसोली स्टेशनवरून पाठवली होती, मागे गाडीची घोषणा चालू. इंग्रजी पेपरात चार ओळींत अडकणारा हा मुलगा पानातल्या क्षारग्रंथी झाडातलं जादा मीठ बाहेर कशा टाकतात ते न अडखळता सांगत होता. त्याला विषय येत होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळ्या ऐकायला वेळ लागतो. मी आठवड्याला दहाच मागवतो, हजेरी क्रमांकानुसार.

व्हिडिओ स्वतः केलात तर पाच-सहा मिनिटांचाच करा. रोजच्या डेटा पॅकवर चालणाऱ्या मुलांचा विचार करा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या एका ग्रुपमधून नंबर उचलून एका मुलीला रात्री-अपरात्री मेसेज आले. तिने दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कॉलेजला यायचीच थांबली. तो ग्रुप मी काढलेला होता. तुमचा ग्रुप आजच बंद करा. सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप ठेवा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गृहपाठ गूगल क्लासरूमवर घ्या. आयनॅचरलिस्टवर मुलांना टोपणनावाने खातं काढायला सांगा, आणि घराजवळचा फोटो असेल तर ठिकाण ‘धूसर’ करायला, म्हणजे नेमकी जागा लपवायला, शिकवा.

विभागप्रमुखांना आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाईलला पुरावा हवाच असतो. आयनॅचरलिस्टवर वर्गाचा एक प्रोजेक्ट उघडलात की कुणी, कधी, काय नोंदवलं याची यादी आपोआप तयार होते. मी तिलाच अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देतो.

सुरुवात वाशीतल्याच खाडीकाठच्या मिनी सीशोरपासून करा. ओहोटीची वेळ आधी बघा, चौघाचौघांचे गट करा, आणि काठावरूनच फोटो काढायचे, चिखलात कुणी उतरायचं नाही, हे वर्गात तोंडी सांगा.