'मनन करा' म्हणजे 'फोकस करा' नव्हे

प्रश्न असा आलाय: बायबलात प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र आहे, त्यातलं 4:8 (चौथ्या अध्यायाचं आठवं वचन) वाचताना कोणी 'चांगल्यावर मनन करा' म्हणतं, कोणी 'चांगल्याचं चिंतन करा' म्हणतं, यातलं बरोबर काय, 'वर' की 'चं', आणि शेवटी अर्थ पॉझिटिव्ह थिंकिंग असाच ना?

असाच नाही! हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध अशी यादी पौल देतो, शेवटी मराठी बायबलात 'त्यांचे मनन करा' असं येतं, आणि उपदेशात लगेच त्याचं 'चांगल्यावर फोकस करा, निगेटिव्ह सोडा' होतं. अहो, फोकस म्हणजे एकीकडे नजर रोखली की बाकीचं धूसर होणार. हे पत्र लिहिणारा माणूस बेड्यांत होता, पहिल्याच अध्यायात तो स्वतःच्या बंधनांबद्दल लिहितो, त्याला काय धूसर दिसत होतं?

मनन आणि चिंतन यांचे नेहमीचे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की मनन हा शब्द वाईट नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन (सतत ध्यान) या वेदान्तातल्या जुन्या क्रमात मनन म्हणजे ऐकलेलं तर्काने तपासून बघणं. पण आज 'मनन' म्हटलं की डोळे मिटून शांत बसलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो, आणि पौलाच्या शब्दात तो माणूस नाहीच.

मूळ ग्रीक शब्द आहे 'लोगिझेस्थे', क्रियापद 'लोगिझोमाय'. हा चक्क हिशेबाचा शब्द! मोजणे, गणणे, खात्यावर मांडणे. मुळाशी 'लोगोस', ज्याचा एक अर्थ शब्द (योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात त्यानेच होते) आणि दुसरा अर्थ हिशेब. मोजणं आणि सांगणं एकाच मुळातून कसं येईल असं वाटत असेल तर आपल्याकडचं बघा, 'संख्या' आणि 'आख्यान' दोन्ही 'ख्या' या एकाच धातूचे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही.

आता बहुतेक ग्रीक कोश काय करतात, या क्रियापदाचा 'हिशेब मांडणे' हा एक अर्थ देतात, 'विचार करणे' हा वेगळा देतात, आणि 4:8 उचलून त्या दुसऱ्या खणात टाकतात. मला हे अजिबात मान्य नाही. याच पत्रात पौल 3:7 ला लाभ आणि हानी मांडतो, 4:15 ला देण्याघेण्याचा हिशेब काढतो, 4:17 ला तुमच्या हिशेबी जमा होणाऱ्या फळाबद्दल बोलतो, आणि 4:18 ला सगळं भरून पावलं म्हणताना जे क्रियापद वापरतो ते त्या काळच्या पपायरसवरच्या पावत्यांत सर्रास सापडतं. सात वचनं पुढे हिशेबाची अख्खी वही उघडतो आणि 4:8 मध्ये मात्र 'लोगिझोमाय' हे हिशेबाचं क्रियापद नुसतं 'विचार करा' म्हणून वापरतो? फिलिप्पैमधली पहिली विश्वासणारी म्हणून बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात जी लुदिया भेटते ती जांभळी वस्त्रं विकणारी बाई होती. तिला नक्की कळलं असेल.

आणि खरी गंमत पुढेच आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात 13:5 ला प्रीती 'अपकार स्मरत नाही' असं मराठीत आहे, तिथेही मूळ क्रियापद हेच! म्हणजे प्रीती वाईटाची नोंद खात्यावर करत नाही, आणि फिलिप्पैकरांना सांगितलंय की चांगल्याची नोंद करा. एकाच वहीची दोन पानं आहेत ही. लॅटिन भाषांतरात दोन्हीकडे एकच क्रियापद ठेवलंय, त्यामुळे जोडी टिकली पण हिशेब गेला. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी 13:5 मध्ये नोंदवही आणली आणि 4:8 मध्ये ती विसरले. मराठीत 'स्मरत नाही' आणि 'मनन करा', म्हणजे जोडीही गेली आणि हिशेबही!

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात हे क्रियापद 11 वेळा येतं. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो याच शब्दाने, आणि ज्याच्या हिशेबी प्रभू पाप धरत नाही तो धन्य, तेही याच शब्दाने. म्हणून ख्रिस्ती माणसाने चांगलं निवडणं हे मनाला लावलेलं वळण नाहीये नुसतं, देवाने आपल्या खात्यावर जे केलं तेच आपण जगाच्या आणि शेजाऱ्याच्या खात्यावर करायचं. वाईट दिसतंच, ते दिसत नाही असं कोणी म्हणायला सांगितलेलं नाही. फक्त जमेला काय धरायचं ते सांगितलंय, आणि क्रियापद चालू काळातल्या आज्ञेचं आहे, म्हणजे करत राहा, रोजच्या रोज, रोजकीर्दीसारखं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीसारखं.

म्हणून माझं जुनं म्हणणं आहे की इथे 'हे जमेस धरा' असं हवं. एकदा एका जाणकारांनी मला ऐकवलं की हा बाजारी शब्द आहे, शास्त्रात शोभत नाही. पौलाला शोभला तर आपल्याला का नाही? 'लेखणे' हे क्रियापदही चाललं असतं, लेखापालातल्या 'लेखा'चंच भावंड ते, पण आपण ते बहुतेक वेळा 'कमी लेखणे', 'तुच्छ लेखणे' यातच वापरतो. चांगलं लेखायची सवयच गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हां, प्रश्न 'चं' की 'वर' असा होता. मनन 'चं' करतात, चिंतनही 'चं'च, बायबलातही 'त्यांचे मनन' आहे. 'वर' लागतं ते लक्ष आणि भर यांना, आणि हे 'चांगल्यावर मनन' त्या फोकसच्याच पाठीवर बसून आलंय.