थोरल्या भावाने दारूवर उपचार घ्यावेत म्हणून घरच्यांनी एकत्र बसून त्याच्याशी कसे बोलावे?

आपण विचारले आहे की थोरले भाऊ रोज दारू पितात, वहिनी कंटाळून दोनदा माहेरी जाऊन आल्या, तर आता घरच्या सर्वांनी ठरवून त्यांना एकदा समोर बसवून बोलावे का, आणि बोलायचे तर कसे. बोलावे, असे मी मनापासून सांगेन. मात्र बैठकीचा दिवस ठरवण्याआधी उपचाराची जागा ठरवावी. आमच्या तासगावकडच्या चुलत्यांच्या बाबतीत आम्ही आधी डॉक्टरांना भेटून दाखल होण्याचा दिवस घेतला, पैशांची तजवीज केली, द्राक्षबागेची फवारणी कोण बघणार हे ठरवले आणि मगच त्यांच्याशी बोललो. ‘बरं, येतो’ असे माणूस ज्या क्षणी म्हणतो, त्या क्षणी ‘आता चौकशी करतो’ असे उत्तर द्यावे लागले, तर संध्याकाळपर्यंत तो होकार उरत नाही.

डॉक्टर आधी हवेत याचे याहून गंभीर कारण आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन भ्रम होतो, जो वेळीच उपचार न मिळाल्यास जिवावर बेततो. म्हणून देवासमोर शपथ घ्यायला लावून खोलीत कोंडणे धोक्याचे आहे. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्या भागात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली जावेत आणि माळ त्यानंतर घालावी. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली औषधे जेवणातून मुळीच देऊ नयेत. डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे असते. ते चोरून दिले आणि वर दारू घेतली गेली, तर रक्तदाब कोसळून प्राणही जाऊ शकतात.

बैठकीला चार-पाच माणसे पुरेत, आणि तीही भावांना ज्यांच्याविषयी माया आहे अशीच. बांधाचा वाद असलेला भाऊबंद किंवा आवाज चढवणारे दाजी कितीही चांगल्या मनाने येत असले, तरी त्यांना त्या दिवशी बोलावू नये. वेळ सकाळची, पहिला घोट जाण्याआधीची घ्यावी. आमचे चुलते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत आणि तरीही तो हिंदकळत असे, म्हणून काकूंनी त्या दिवशी अर्धाच कप भरून दिला होता. प्रत्येकाने काय बोलायचे ते कागदावर लिहून आणावे, म्हणजे रागाच्या भरात भलतेच तोंडून जात नाही. ‘अब्रू घालवली’ असली वाक्ये त्यात नकोत. स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग असावा. चुलत बहिणीने वाचले होते, “पप्पा, माझ्या दहावीच्या निकालादिवशी तुम्ही पेढे आणायला गेलात आणि रात्री लोकांनी तुम्हाला धरून घरी आणलं. पेढ्यांचा पुडा तुमच्या खिशात तसाच होता.” ‘मी कुठे रोज पितो’ म्हणणाऱ्या चुलत्यांना त्यावर काही बोलता आले नाही.

यापुढे आपण काय करणार नाही, हेही शांतपणे सांगावे. दुकानाची उधारी फेडणे, कामावर ‘ताप आला आहे’ असा खोटा फोन करणे, अशी पांघरुणे घालणे थांबवावे, पण जे खरोखर पाळता येईल तेवढेच बोलावे. भाऊ हात उचलत असतील, तर मात्र ही बैठक घेऊ नये. वहिनी आणि मुलांची सुरक्षितता आधी पाहावी.

ते उठून गेले तर पाठलाग करू नये. असे समोर बसवून बोलण्याची पद्धत अमेरिकेत व्हर्नन जॉन्सन या धर्मगुरूंनी रुजवली, परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात या मार्गाने सुमारे ३० टक्के, तर घरच्यांनाच संवादाचे आणि न प्यालेल्या वेळेला दाद देण्याचे शिक्षण देणाऱ्या ‘क्राफ्ट’ पद्धतीने सुमारे ६४ टक्के माणसे उपचारापर्यंत पोहोचली. जॉन्सन पद्धतीतल्या बऱ्याच कुटुंबांचा धीर बैठकीआधीच सुटला होता. तेव्हा बैठक फसली तरी वहिनींनी समुपदेशकाकडे जाणे सुरू ठेवावे, आणि भाऊ न पिता घरी येतील त्या संध्याकाळी त्यांच्यासोबत जेवायला बसावे.

चौकशीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. साताऱ्यात ‘परिवर्तन’, पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे काम करत आहेत. डॉक्टरांकडे जाताना भाऊ रोज किती पितात, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी कधी फिट किंवा कावीळ झाली होती का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे वहिनींना विचारून एका कागदावर लिहून न्यावे.