शाळेमागची परसबाग, शनिवारचा स्वयंपाक आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी एसटीतून रिटायर झालोय. आमच्या गावच्या झेडपी शाळेत (सातवीपर्यंत आहे) शनिवारी येऊन पोरांना बागकाम शिकवा म्हणून हेडमास्तर मागं लागलेत, आणि आमची मंडळी म्हणते मी पण येते, स्वयंपाक शिकवते. पगाराबिगाराची अपेक्षा नाही. शाळेमागं दोन गुंठे जागा पडून आहे. टोमॅटो, ढबू, फ्लॉवर लावावा आणि दर्शनी बाजूला गुलाब, असं डोक्यात आहे. सुरुवात कशी करू? आणि सुरी, गॅस मुलांच्या हातात द्यायचा का?
— एक आजोबा, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : काका, बियाणाच्या दुकानात जायच्या आधी शाळेत जा आणि सुट्ट्यांची यादी मागून घ्या. शाळेच्या बागा बहुतेक करून किडीनं मरत नाहीत, सुट्टीत मरतात. दिवाळीत शाळा बंद, मे महिन्यात बंद, पाणी घालायला कोण नाही, आणि नेमका तेव्हाच तुमचा टोमॅटो लालबुंद झालेला असतो, मग तो खातात शेरडं. म्हणून पीक सुट्टीच्या आधी हातात आलं पाहिजे आणि ज्या दिवशी हातात आलं त्याच दिवशी काकूंच्या पातेल्यात गेलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

अंक हातात पडेल तेव्हा श्रावण चालू असेल. पाऊस जरा उघडला की मेथी, लाल माठ, मुळा टाका. मेथी आणि माठ महिन्याभरात कापायला येतो, मुळ्याला सव्वा ते दीड महिना, म्हणजे सहामाहीच्या आत सगळं संपतं. पोरांचा धीर महिनाभरच टिकतो हो, दोन महिने नुसतं पाणी घाला म्हणलं की तिसऱ्या शनिवारी अर्धी पोरं क्रिकेटला. धने लावणार असाल तर चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, अख्खे टाकले की उगवायला फार वेळ खातात.

दुसरा हंगाम भोगीवर नेम धरून लावा, म्हणजे १३ जानेवारीच्या आसपास. पावटा आत्ताच कुंपणाकडेनं टोकून ठेवा, तो थंडीतच शेंगा देतो. वांग्याची रोपं आणि गाजर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हरभरा त्याच्याच मागं. दिवाळीच्या सुट्टीत पाण्याला कोण येणार याची नावं आधीच फळ्यावर लिहून टाका, शाळेजवळ घर असलेली दोन-तीन पोरं पुरतात. मग भोगीला स्वतः लावलेल्याचं खेंगट, म्हणजे भोगीची मिसळ भाजी, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर्गातच पंगत. ढबू नि फ्लॉवर विसरा, ते औषध मागतात आणि शाळेत फवारणी नको. गुलाबाला माझा विरोध नाही, पण गुलाब खाता येत नाही आणि काटे लागतात. त्यापेक्षा कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावा.

दोन गुंठे एकदम खणू नका. चार वाफे पुष्कळ झाले. वाफा तीन फुटापेक्षा रुंद नको, दोन्हीकडनं पोरांचा हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर आत उतरून तुडवतात. जागा पडीक आहे म्हणताय तर दगड, फरशांचे तुकडे, जुनं छपराचं सामान मोठ्या माणसांनी आधी हलवायचं, पोरांनी नाही. पावसाळ्यात त्याखाली घोणस, मण्यार काहीही असू शकतं.

आणखी एक, हे दुकानदार सहसा सांगत नाही. पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पोरांच्या हातात द्यायचं नाही. रंग न लावलेलं मागा, किंवा सरळ घरातली मेथी आणि गावातल्या बायकांकडचं गाडग्यातलं बी वापरा, तेच बरं.

आता सुरी-गॅस. पहिली-दुसरीला निवडणं, खुडणं, मोड आणणं, कालवणं एवढंच. तिसरी-चौथीला किसणी, सोलाणं, लाटणं. सुरी पाचवीपासून पुढं, एका टेबलाला एक मोठं माणूस असेल तरच, आणि सुरी धारदार हवी, बोथट सुरीच घसरते. गॅस काकूंच्याच हातात राहू दे, परतायला मोठ्या मुलांना एकेक करून पुढं घ्यायचं, ओढणी, मोकळे केस बांधून. पहिले दोन-तीन शनिवार गॅस लागतच नाही तसं बघितलं तर. मुळ्याची कोशिंबीर, मोडाच्या मुगाची भेळ, दाण्याचा नि गुळाचा लाडू. दाणे कुणाला सोसत नाहीत हे मात्र पालकांना आधी विचारून वहीत लिहून ठेवा.

तुमच्या भागाचा वाघ्या घेवडा, ज्याला जीआय मानांकन आहे, तो पोरांना जरूर दाखवा, पण तो कच्चा किंवा नुसता मोड आणून भेळेत टाकू नका. राजम्याच्या जातीचा आहे तो, कच्चा खाल्ला तर उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, मग चांगला रटरटून शिजवा. भेळेला मूग-मटकीच.

हेडमास्तरांकडून लेखी पत्र घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. ओळखपत्र, पोलीस पडताळणी मागितली तर वाईट वाटून घेऊ नका काका, पोरांच्यात येणाऱ्या प्रत्येक माणसाची चौकशी व्हायलाच पाहिजे. आणि वर्गशिक्षक हजर असल्याशिवाय तास घेऊ नका.

प्रश्न : मी कराडजवळच्या शाळेत महिन्यातून दोनदा जाते. मागच्या पालकसभेत एकजण उठून म्हणाले, पोरं शिकायला पाठवतो, खुरपायला आणि भाकऱ्या थापायला नाही. विशेषतः मुलग्यांच्या आया नाराज आहेत. काय उत्तर देऊ?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी त्यांचं ऐकून घ्या, कारण तो माणूस सगळाच चुकीचा नाहीये. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात खुरपं चाललंय त्यांना शाळेतही तेच दिसलं तर राग येणारच. फुकटची मजुरी आणि शिकणं यातला फरक पोराच्या वहीत दिसला पाहिजे. वीस बिया टाकल्या, सतरा उगवल्या, म्हणजे ८५ टक्के. वाफ्याचं क्षेत्रफळ किती, दोन रोपांत अंतर किती, किलोभर मेथी निवडल्यावर पाला किती नि देठ किती. सहावी-सातवीचं गणित यात आरामात बसतं. ती वही घेऊन पुढच्या सभेला जा, भाषण नको.

मुलग्यांच्या आयांना मात्र मी जरा ठणकावूनच सांगीन. तुमच्याच तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि स्वतःची कामं स्वतः करायची. त्या सगळ्या पोरांनी राबूनच शिक्षण घेतलं. आता पुण्याला कॉलेजला गेलेल्या पोराला रोज मेसचं खाऊन पोट बिघडतंय म्हणून फोनवर रडणाऱ्या आया मी रोज बघते, त्याला साधी खिचडी टाकता आली असती तर?

पण तुम्हीपण एक बघा. चिरायचं कुणी, वाढायचं कुणी, ताटं घासायची कुणी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि दर वेळी बदलायचं. नाहीतर आपोआप पोरी घासायला बसतात, पोरगे वाढायला उभे राहतात, आणि कुठल्या आळीची पोरं वाढायला नकोत हेही गुपचूप ठरतं. ते आपल्या डोळ्यादेखत होऊ द्यायचं नाही.

प्रश्न : शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आमच्यावर रुसल्यात. म्हणतात, आमच्या कामात लुडबूड.
— एक वाचक, वाई

उत्तर : रुसणारच. त्यांच्या चुलीवर, त्यांच्या भांड्यात, त्यांना न विचारता शिरला असाल. आहार मापानं शिजतो, पहिली ते पाचवीला दरडोई १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, त्या हिशोबाचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. तुमचं सामान वेगळं आणा, आणि एक शनिवार त्यांनाच शिकवायला उभं करा. शंभर पोरांचा भात न करपवता करणं तुम्हाला जमतं का बघा!

प्रश्न : आमची शाळा जत तालुक्यात. प्यायलाच पाणी टँकरचं, बाग कुठली करायची?
— एक शिक्षक, जत, जि. सांगली

उत्तर : सर, पाणी नाही म्हणताय पण रोज दुपारी हात-ताटं धुतलेलं पाणी जातं कुठं? गटारीत नाहीतर मैदानात. नळापासून उतार काढून ते एका खड्ड्यात घ्या, तळाला विटांचे तुकडे आणि वाळू, पुढं अळू आणि केळ. साबणाचं, खरकट्याचं पाणी पालेभाजीला नको, पालेभाजीला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ठेवा, ते स्वच्छ असतं आणि रोज मिळतं. वाफे दोनच, तेही जमिनीपेक्षा खाली, म्हणजे ओल टिकते. वर उसाचं पाचट पसरा, मिरज-वाळव्याकडं कारखाना पट्ट्यात लोक जाळतात ते, ट्रॉलीवाल्याला सांगितलं तर आणून टाकेल. थर पातळच ठेवा, जाड झाला की उंदीर येतात आणि त्यांच्यामागं साप. गवार, मटकी, हुलगा लावा, कमी पाण्यात येतात. हुलगा दळून शनिवारी पोरांना गुळाचं माडगं करून द्या, थंडीत तर पोरं वाटी चाटून पुसून ठेवतात. शेवग्याची फांदी जूनच्या पहिल्या पावसात लावा, आत्ता लावू नका. आणि खड्ड्याच्या पायपासाठी ग्रामपंचायतीकडं व्यवस्थापन समितीच्या ठरावासकट अर्ज टाका, तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.