तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून ब्रिटनला पीएचडीसाठी यावं का?

सर, तुम्ही लिहिलंय की परभणीत तासिका तत्त्वावर गणित शिकवता, वय ३२, घरात बायको, तीन वर्षांचं लेकरू आणि आईवडील आहेत. एमएस्सीला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, म्हणजे माणसं, गाड्या, वेळ, पैसा नीट कसा लावायचा याच्या गणितात, गुण चांगले होते, तर याच विषयात पीएचडीला ब्रिटनला यावं का, आणि घरच्यांना आणता येईल का, असं विचारलंय. मी लातूरकडच्या औसा तालुक्यातली. याच वाटेने आले आणि आता इथल्या विद्यापीठात हाच विषय शिकवते.

या, पण व्होगेलच्या पद्धतीच्या, म्हणजे स्वस्तातली वाहतूक कागदावर काढायच्या रीतीच्या, भरवशावर येऊ नका. आपल्याकडे वाहतुकीचं गणित म्हणजे चार गोदामं, पाच दुकानं, कोष्टक आखायचं आणि कागदावर सोडवायचं. मीही पटापट सोडवायचे. इथे तेवढं काम संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. तुम्हाला विचारतील ते त्याच्या आधीचं: कोष्टकातले आकडे आले कुठून, आणि खरा प्रश्न हाच आहे कशावरून?

माझ्या पहिल्या वर्षाचं सांगते. उन्हाळ्यात गावोगाव पाणी नेणाऱ्या टँकरांचे मार्ग ठरवायचे, हा विषय मी घेतला होता. १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी जो प्रश्न मांडला, तोच मी पाण्याला लावला. गावांमधली अंतरं काढली, प्रोग्रॅम लिहिला, डिझेल वाचतं असं दाखवलं. मार्गदर्शक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टँकरचा दिवस जातो कुठे?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं. आम्ही बायापोरी चौकात घागरी लावून बसायचो आणि टँकर उशिरा आला की ड्रायव्हर म्हणायचा, "लाईट नव्हती, भरायला नंबर लागला नाही." वेळ रस्त्यात जातच नव्हता. विहिरीवरची मोटार बंद, म्हणून तो भरायच्या ठिकाणी जात होता. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे: तासाला किती येतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो, यांचा गुणाकार म्हणजे तिथे सरासरी किती उभे असतात. तासाला ४ टँकर येत असतील आणि रांग धरून भरून निघायला दीड तास लागत असेल, तर कायम ६ टँकर तिथेच अडकलेले. मार्ग कितीही छोटा केला तरी ते सहा हलत नाहीत. मी सात महिन्यांचं काम बाजूला ठेवलं आणि थ्री फेज लाईटच्या वेळा धरून टँकर भरायचं वेळापत्रक कसं लावावं, यावर प्रबंध लिहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. इथल्या सहकाऱ्यांना ती बातमी वाचून दाखवताना आवाज फुटेना.

ऑपरेशन्स रिसर्च हा विषय इथे वाढला तोच असा, जागेवर जाऊन बघण्यातून. १९३० च्या दशकाच्या शेवटी रडारवरून आलेली माहिती लढाऊ विमानांपर्यंत वेळेत कशी पोचवायची, या कामातून त्याला नाव मिळालं. लढाईनंतर तो कोळशाच्या खाणींत गेला. म्हणून आपल्याकडचा प्रश्न इथे कमी लेखला जात नाही. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या ताटकळतात, तोडलेला ऊस वाळतो, साखर घटते आणि कोयत्याची जोडी तळावर खोळंबते. हा अव्वल दर्जाचा विषय आहे, आणि परभणीच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता घर आणि पैसा. १ जानेवारी २०२४ पासून एमएस्सीसारख्या शिकवणीच्या पदवीला आलेल्यांना कुटुंब, म्हणजे जोडीदार आणि मुलं, आणता येत नाही, पीएचडीवाल्यांना येतं, आणि जोडीदाराला नोकरीही करता येते. पण आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम, व्हिसाच्या अर्जासोबत. लेकराचाही भरावा लागतो. सरकारी संशोधन मंडळाचं विद्यावेतन २०२५-२६ साठी २०,७८० पौंड आहे. एकट्याचं त्यात भागतं, तिघांची ओढाताण होते. शिष्यवृत्ती मिळाली तर एक गोष्ट लेखी विचारून घ्या: फी पूर्ण भरणार की फक्त इथल्या विद्यार्थ्यांइतकी? परदेशी विद्यार्थ्याची फी कितीतरी जास्त असते आणि मधला फरक अंगावर येतो. संगणक, गणिताकडच्या संशोधनाला अनेकदा अटास नावाची परवानगीही आधी लागते. तिला पैसे पडत नाहीत, आठवडे मात्र जातात.

पीएचडीनंतरचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मी दोन मुदतीच्या नोकऱ्या केल्या, दोन शहरं बदलली, तेव्हा कुठे कायम झाले. एक पेपर १४ महिने अडकून परत आला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते, शेजारच्या काकूंनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं. तुमच्या आईवडिलांचं कोण बघणार, हे निघायच्या आधी भावाबहिणींशी बसून ठरवा.

तयारी आजपासून सुरू करा. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिका. हायज (HiGHS) नावाचा सॉल्व्हर, म्हणजे अशी गणितं सोडवणारा प्रोग्रॅम, एडिनबरा विद्यापीठात तयार झालाय, तो फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. पुस्तकातली उदाहरणं त्यात घालून बघा, मग आकडे बिघडवून बघा. शंभर प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवू नका. चार जणांचे पेपर वाचा आणि प्रत्येकाला वेगळं लिहा, दोन पानांत.

आणि टँकरचा विषय घेणार असाल तर ग्रामसेवकाकडे जाऊन खेपांचं लॉगबुक बघा. टँकर भरून निघाल्याची वेळ त्यात लिहिलेली नसेल, तर या उन्हाळ्यात भरायच्या ठिकाणी आठ दिवस वही घेऊन बसा. त्या आठ दिवसांचे आकडे मला पाठवा, तुमचा प्रस्ताव आपण त्यावरच उभा करू.